नको असलेलं टपाल नाकारायचं कुणी?

टपालाच्या इतिहासावर पीएचडी करतेय म्हटलं की लोक तिकिटांबद्दल विचारतात. मला जास्त रस आहे तो लोकांनी नाकारलेल्या टपालात.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना 'नॉटपेड' पत्र आठवत असेल. पैसे भरा, नाहीतर घेऊ नका. एकेकाळी बहुतेक पत्रं अशीच यायची, त्यामुळे 'नको' म्हणणं अगदी सोपं होतं. ब्रिटनमध्ये १८४० साली तिकीट आलं, भारतात १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचा दर आला आणि अमेरिकेत १८५५ पासून आगाऊ पैसे भरणं सक्तीचं झालं. खर्च पाठवणाऱ्याकडे गेला. मग न मागता आलेलं टपाल थांबवायचं कुणी?

एक वाईट उत्तर १८३५ मध्येच मिळालं होतं. गुलामगिरीविरोधी संस्थेने दक्षिणेतल्या प्रतिष्ठितांना हजारो पत्रकं पाठवली. जुलैअखेर चार्ल्सटनच्या पोस्टात जमाव घुसला, ते गठ्ठे उचलले आणि दुसऱ्या दिवशी जाळले. ज्यांच्या नावाने टपाल आलं होतं त्यांना कुणी विचारलंच नाही! पोस्टमास्टर जनरल एमॉस केंडल यांनीही असं टपाल अडवणाऱ्यांना पाठीशी घातलं.

१९६७ चा अमेरिकी कायदा मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. निमित्त होतं अश्लील जाहिरातींचं. पण जाहिरात कामुक आहे की नाही, हे सरकारने नाही, ज्याच्या घरी ती आली त्याने ठरवायचं. त्याने पोस्टाला कळवलं की पाठवणाऱ्याला त्याचं नाव यादीतून काढावं लागे, ती नावं विकताही येत नसत. प्रकाशक आणि पत्त्यांच्या याद्यांचे व्यापारी कोर्टात गेले : हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे. ४ मे १९७० ला सर्वोच्च न्यायालयाने रोवन खटल्यात कायदा उचलून धरला. सरन्यायाधीश बर्गर यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बोलायचा हक्क आहे, पण न ऐकणाऱ्याच्या पत्रपेटीपाशी तो संपतो. गंमत म्हणजे, कुणी साध्या कापडाच्या कॅटलॉगवर बोट ठेवलं तरी चालेल, हेही निकालात मान्य केलंय. कारण तपासायला लागलात की सेन्सॉर आलाच, हा मुद्दा मला पटतो.

न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मात्र एक पाचर मारून ठेवली. आईवडील १९ वर्षांखालच्या मुलांची नावंही देऊ शकत होते. मग अठरा वर्षांच्या मुलाला आईवडिलांना न आवडणारं राजकीय किंवा धार्मिक टपाल हवं असेल तर? तो प्रश्न समोर नाही, असं म्हणून त्यांनी तो उघडा ठेवला.

व्यवहारात या हक्काची धार कमीच. एकेका पाठवणाऱ्याविरुद्ध वेगळा अर्ज, तोही त्याचं टपाल एकदा येऊन पडल्यावर. १९७१ मध्ये जाहिरातदारांच्या संघटनेने स्वतःच नावं वगळण्याची सोय काढली, पण ती ऐच्छिक. शिवाय नाव काढलं तरी नुसतं 'रहिवासी' असा पत्ता घातलेलं पाकीट येतच राहतं.