मराठीचा अभ्यास करणारे औरंगाबादचे मौलवी

उर्दूच्या तासाला ‘नामदेव माली’ हे व्यक्तिचित्र शिकवायला घेतले की मुले हमखास चमकतात. हा नामदेव म्हणजे आपल्याच बीबी का मकबऱ्याच्या बागेतला माळी. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेला, मूलबाळ नसलेला, रोपांनाच लेकरे मानणारा. पाण्याचे दुर्भिक्ष असताना कुठून कुठून पाणी आणून त्याने झाडे जगवली. शेवटी मधमाश्यांनी हल्ला केला आणि त्यातच तो गेला. उर्दू साहित्यात अजरामर झालेला हा मराठी मुलखातला कष्टकरी. त्याच्यावर लिहिणारे होते मौलवी अब्दुल हक.

अब्दुल हक हे नाव काढले की आज दोनच गोष्टी आठवतात, ‘बाबा-ए-उर्दू’ ही पदवी आणि 1961 मध्ये कराचीत झालेले निधन. मधली औरंगाबादची वर्षे आपण विसरून गेलो आहोत. जन्म उत्तर प्रदेशातल्या हापूडचा, शिक्षण अलीगढचे आणि नोकरी निजामाच्या शिक्षण खात्यात. 1912 मध्ये ते अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि संस्थेचे कार्यालय औरंगाबादला आले. ‘उर्दू’ हे संशोधनाला वाहिलेले त्रैमासिक 1921 पासून इथूनच निघू लागले. जुन्या दखनी हस्तलिखितांचा शोध घेणे, ती तपासणे, छापणे हे काम या शहरात चाले. मुल्ला वजहीचा ‘सबरस’ हा सतराव्या शतकातला दखनी गद्यग्रंथ त्यांनीच संपादित करून वाचकांपुढे आणला. इथल्या इंटरमीजिएट कॉलेजचे ते प्राचार्यही होते.

पण मला त्यांचे एक वेगळेच पुस्तक महत्त्वाचे वाटते. 1933 मध्ये त्यांनी ‘मरहटी ज़बान पर फ़ारसी का असर’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. भाषा उर्दू, विषय मराठी. उर्दूच्या सर्वांत मोठ्या सेवकाला शेजारची भाषा समजून घ्यावीशी वाटली, ही गोष्ट साधी नाही.

याच विषयावर पुण्याच्या बाजूनेही काम होत होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुनी पत्रे घेऊन त्यांतले शब्द मोजले होते. त्यांच्या मोजणीत 1628 च्या पत्रात शंभरात जेमतेम चौदा शब्द मराठी निघाले, 1677 च्या पत्रात बासष्टच्या आसपास आणि 1728 च्या पत्रात त्र्याण्णव. पुढे माधव ज्युलियन यांचा ‘फार्सी-मराठी कोश’ 1925 मध्ये आला.

राजवाड्यांचे आकडे घेऊन काही जण म्हणतात, फारसी हद्दपार झाली. आपल्यातले काही जण उलट टोकाला जाऊन म्हणतात, मराठीला सगळे आम्हीच दिले. कागदपत्रे मात्र दोघांनाही पुरेशी साथ देत नाहीत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पेशव्याला पंतप्रधान आणि मुजुमदाराला अमात्य म्हटले. राज्यकारभार लोकांच्या भाषेजवळ आणण्याची ती गरज होती. तरीही पुढे मराठी राज्याचा कारभार ज्यांनी पाहिला त्यांना लोक पेशवेच म्हणत राहिले. फडणीस, चिटणीस, सबनीस ही आडनावे ब्राह्मण आणि प्रभू घरांत मानाने नांदली. अर्ज, फिर्याद, जमीन, दप्तर, कागद, शाई यांना कोणी परके म्हणत नाही. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे उपसर्ग. ‘दर’ फारसी, ‘वर्ष’ संस्कृत, आणि ‘दरवर्षी’ अस्सल मराठी. ‘गैर’ अरबीतून आलेला, ‘समज’ इथलीच, आणि ‘गैरसमज’ दोघांचा मिळून. शब्द उसना घेता येतो, पण उपसर्ग आपल्या शब्दाला जोडायचा तर दोन्ही भाषा एका तोंडात रुळाव्या लागतात. फर्माने काढून हे होत नाही. कचेरीत, बाजारात, शेताच्या बांधावर शतकानुशतके एकत्र राहिल्यावरच ते होते.

मौलवी साहेब 1938 च्या सुमारास अंजुमनसह दिल्लीला गेले. दहा वर्षांनी निजामाचे राज्य संपले आणि कारभारातून उर्दू गेली. नंतर दोन्ही किनारे पाहणारे लोक कमी होत गेले. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हे त्यांतले ठळक नाव. त्यांनी फारसी साधने मराठीत आणली, 1953 मध्ये सूफी संप्रदायावर मराठीत पुस्तक लिहिले. असे किती निघाले? मराठी अभ्यासकाला नस्तालीक वाचता येत नाही म्हणून तो इंग्रजी भाषांतरावर भागवतो. उर्दूचा अभ्यासक मोडी तर सोडाच, मराठी संशोधनही वाचत नाही. मग दख्खनचा इतिहास दोन अर्ध्या वह्यांत पडून राहतो आणि त्या अर्धवट वह्यांवरून सभांमध्ये भांडणे होतात.

इथे मला माझे विद्यार्थी दिसतात. या शहरातल्या उर्दू माध्यमाच्या मुलाला दोन्ही लिप्या लहानपणीच येतात. ही किल्ली फार थोड्यांकडे असते. पण घरी त्याला सांगितले जाते, ‘मराठीत पास झालास तरी पुष्कळ.’ मी शिक्षक आहे, या चुकीत माझाही वाटा आहे; आम्हीही मराठी गुणांपुरतीच शिकवली.

मौलवी साहेबांच्या त्या पुस्तकाचा अभ्यास करून मराठीत लिहिणारा मुलगा किंवा मुलगी आपल्याच वर्गातून निघावी. त्याची सुरुवात घरातूनही होऊ शकते. पेटीत पडलेल्या जुन्या सनदा, इनामाचे कागद, आजोबांच्या वह्या रद्दीत घालू नका. आधी त्या मुलांच्या हातात द्या आणि विचारा, यातले तुला काय काय वाचता येते?