हॉलसँड्सची पुळण

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्टार्ट पॉइंटच्या दीपगृहापासून थोड्याच अंतरावर, उभा कडा आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद खडकावर हॉलसँड्स नावाचे कोळ्यांचे गाव वसले होते. १८९१ साली तेथे ३७ घरे आणि १५९ माणसे होती, आणि त्यांचा प्रपंच मुख्यतः खेकड्यांवर चाले. वाळुंजाच्या फोकांचे पिंजरे विणून ते समुद्रात सोडायचे, आणि होड्या परतू लागल्या म्हणजे न्यूफाउंडलंड जातीच्या कुत्र्यांनी लाटांत पोहत जाऊन दोराचे टोक दातांत धरून आणायचे, मग किनाऱ्यावरच्या बायकापुरुषांनी तो दोर ओढीत होडी गोट्यांवर चढवायची, असा तेथला क्रम होता. घरांपुढची गोट्यांची ती रुंद पुळण गावाचे अंगण तर होतीच, परंतु पूर्वेचा वारा सुटून समुद्र खवळला म्हणजे लाटांचा जोर स्वतःच्या अंगावर जिरवणारा गावाचा तटही तीच होती.

१८९०च्या दशकात प्लिमथजवळच्या कीहॅम येथील आरमारी गोदीच्या विस्तारासाठी खडीची निकड भासली, तेव्हा सर जॉन जॅक्सन या कंत्राटदारास हॉलसँड्ससमोरच्या समुद्रतळातून गोटे उपसण्याचा सरकारी परवाना मिळाला. कोळ्यांच्या धंद्यास होणाऱ्या अडथळ्याबद्दल दरसाल १२५ पौंड ठरले. घरांच्या पायाचे काय होईल, हा प्रश्न मात्र त्या करारात कोठेच नव्हता, आणि हीच गोष्ट मला सर्वांत निष्ठुर वाटते. उपसलेली जागा समुद्र आपण होऊन भरून काढील, असा अधिकाऱ्यांचा भरवसा होता. परंतु ते गोटे सहस्रावधी वर्षांपूर्वी साचलेले, नव्याने येणारे नव्हेत. म्हणून सुमारे साडेसहा लाख टन खडी गेली, ती गेलीच, आणि समुद्रातला खड्डा भरण्यासाठी पुळणीवरचे गोटे घसरू लागले. तक्रारी वाढल्या, जानेवारी १९०२ मध्ये परवाना रद्द झाला. तोवर पुळण कित्येक फूट खचली होती. पुढे संरक्षक भिंती बांधल्या गेल्या.

२६ जानेवारी १९१७ च्या रात्री ईशान्येचे वादळ आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली. भिंतींवरून चढलेल्या लाटा छपरांवर कोसळल्या, माणसे मुलाबाळांसह काळोखात कड्यावर चढून गेली, आणि त्यामुळेच एकही जीव गेला नाही. त्या वर्षाच्या अखेरीस राहण्याजोगे एकच घर शिल्लक होते. त्या घरात गावची एक बाई कोंबड्या पाळून एकटीच राहिली. भग्न भिंती पाहावयास येणाऱ्यांना ती स्वतः हिंडून गाव दाखवी, आणि १९६४ साली मरेपर्यंत तिने ते घर सोडले नाही.