रोम, १९३८ : विजेचा उपचार आणि रुग्णाचा नकार

१/७
'शॉक देणे' हे शब्द ऐकताच आजही मनात धास्ती उभी राहते. तरीही औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र नैराश्यावरील सर्वांत परिणामकारक उपचारांत याच 'इसीटी'ची गणना होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा ठरल्या, याचा हा इतिहास.

२/७
१९३४, बुडापेस्ट. अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया हे परस्परविरोधी आजार आहेत, अशी मनोविकारतज्ज्ञ लादिस्लास मेदुना यांची धारणा होती. म्हणून त्यांनी रुग्णांना आधी कापूर व नंतर कार्डियाझोल टोचून मुद्दाम झटके आणले. धारणा चुकीची ठरली; काही रुग्ण मात्र खरोखर सुधारले. पण टोचल्यापासून झटका येईपर्यंतचे क्षण रुग्णांना मरणप्राय वाटत.

३/७
रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी औषधाऐवजी वीज वापरण्याचे ठरवले. विद्युतप्रवाह हृदयातून गेला की प्रयोगातील कुत्री दगावत. कत्तलखान्यात मात्र डुकरांच्या डोक्याला वीज लावून त्यांना केवळ बधिर करीत. त्या विजेने ती मरत नसत. हे पाहून दोघांना मार्ग सापडला.

४/७
एप्रिल १९३८. रेल्वे स्थानकावर सापडलेल्या, असंबद्ध बोलणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी रुग्णालयात पाठवले होते. पहिला प्रयोग त्याच्यावर झाला. पहिला प्रवाह अपुरा पडला. पुन्हा तयारी चाललेली पाहून त्याने स्पष्ट शब्दांत विरोध केला, हे स्वतः चेर्लेत्तींनीच पुढे नोंदवले आहे. तरीही अधिक तीव्र प्रवाह दिला गेला. तो सुधारून घरी गेला. कालांतराने आजार उलटला.

५/७
हा उपचार स्किझोफ्रेनियासाठी जन्मला, पण त्याचा खरा गुण तीव्र नैराश्यात दिसून आला. आरंभी तो भूल न देताच होई आणि झटक्याच्या जोराने हाडेही मोडत. काही मनोरुग्णालयांत तो रुग्णांना धाकात ठेवण्याचे साधन बनला. समाजाच्या स्मरणात राहिली ती हीच प्रतिमा.

६/७
१९५० च्या दशकापासून भूल आणि स्नायू शिथिल करणारी औषधे रूढ होत गेली. आज प्रवाह काही सेकंदांचा असतो आणि रुग्ण गाढ निद्रेत असतो. स्मृतीवर होणारा परिणाम मात्र खरा आहे. काहींच्या काही आठवणी परत येत नाहीत. म्हणूनच निर्णय रुग्णाने जाणून घ्यायचा असतो.

७/७
भारताच्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने भूल आणि स्नायू-शिथिलक यांवाचून इसीटी देण्यास मनाई केली. तातडीच्या उपचाराची जी सवलत कायद्यात आहे, तिच्या आधारेही इसीटी देता येत नाही. रोममध्ये दुर्लक्षिला गेलेला नकार आज कायद्याला ऐकावा लागतो. उपचाराचे तंत्र सुधारायला दोन दशकेही लागली नाहीत. रुग्णाच्या शब्दाला कायद्याचे बळ मिळायला आपल्याकडे जवळपास आठ दशके लागली.