चाड्यावरची मूठ

आमच्या अजिंठ्याचा इतिहास सांगायला बसलं की लोक तीन गोष्टी सांगतात. पहिली असईच्या लढाईची. २३ सप्टेंबर १८०३ ला ती लढाई झाली आणि वेलस्लीच्या फौजेतले जखमी आमच्या गावच्या कोटात आणून ठेवले. दुसरी लेण्यांची. १८१९ ला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ती पडली. तिसरी गिलसाहेब आणि पारोची. पारोची १८५६ सालची कबर गावात आहे. या तिन्ही गोष्टी कागदोपत्री आहेत. चौथी गोष्ट माझ्या वडिलांची. ती कुठं लिहिलेली नाही, म्हणून मी लिहितो.

आमच्याकडं वडलांना दादा म्हणतात. दादांचा गावात लौकिक होता तो मुठीचा. तिफणीनं पेरताना चाड्यावर मूठ धरायची, तर ती दादांनीच. बियाणं बोटांतून सारखं सुटलं पाहिजे, तिन्ही नळ्यांत सारखं पडलं पाहिजे. बैल जरा दमानं चालले की मूठ आवळायची, जोरात चालले की सैल सोडायची. हे शिकवून येत नाही. मृग बरसला की भावकीतले लोक पहाटेच दारात येऊन बसायचे, "दादा, आमच्या रानात कधी येता?"

१९९४ च्या मृगात आमची बाजरी उगवली ती तुटक तुटक. हातभर ओळ दाट, पुढं दोन हात मोकळं रान. चुलत्यानं बांधावरून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, मूठ सुटली का काय?" दादा म्हणाले, "वारा होता रे." वारा नव्हता. नांग्या भरताना मायनं मला हळूच सांगितलं, "रात्री त्यांना कंदिलाची वात सारता येईना." दादांच्या आजाराची पहिली नोंद अशी आमच्या रानानं केली. डॉक्टरच्या कागदावर ती दीड वर्षानं आली.

मग एकेक काम हातातून जायला लागलं. कासऱ्याची गाठ सुटेना. कापूस वेचताना बोंडातून बोटं निसटायला लागली. अंगठ्याजवळचं मांस बसलं, तिथं खड्डा पडला. दंडाचं मांस आपोआप फडफडायचं, जणू कातड्याखाली अळ्या वळवळताहेत. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखत नाही म्हटल्यावर शेतकरी माणूस दवाखान्यात कशाला जाईल?

गावानं नाव दिलं, वारं गेलं. म्हणजे लकवा. कबुतराच्या रक्तानं मालिश झाली. अंगारे झाले, उतारे झाले. कुणी करणी म्हणालं. कुणी म्हणालं, कापसावर औषध फवारलं त्याचं हे फळ. काही देशांतल्या अभ्यासांत कीटकनाशकांचा आणि या आजाराचा संबंध दिसलाही आहे. पण एका माणसाला कशानं झालं, हे ठामपणे कुणालाच सांगता येत नाही. लकव्यात एक बाजू एकदम जाते. दादांचं तसं नव्हतं. आधी उजवा हात, मग डावा, मग पाय, मग जीभ. एवढा फरक आमच्या कुणाच्या ध्यानात आला नाही.

१९९५ च्या दिवाळीनंतर औरंगाबादला नेलं. सुया टोचून स्नायूंची तपासणी केली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात. माणूस ऐकतो, बघतो, समजतो, पण हलू शकत नाही. बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात. पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरानं १८६९ लाच हा आजार ओळखला होता, हे मी पुढं वाचलं. सव्वाशे वर्षांत ते नाव आमच्या घाटावर पोचलं नव्हतं.

गावाची सगळ्यात मोठी चूक पुढं झाली. दादांना नको तिथं हसू फुटायला लागलं. एका मयतीला गेले आणि खदाखदा हसले. नंतर डोळ्यांतून धारा. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. हसू-रडू आवरणाऱ्या वाटा या आजारात बिघडतात, शुद्ध जागेवर असते, हे कुणाला माहीत? त्या दिवसापासून लोक दादांशी बोलायचे थांबले. त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल बोलायला लागले. मीही त्यातलाच.

१९९६ च्या उन्हाळ्यात मी ठरवलं, वाघूरच्या अंगाचं रान विकायचं आणि दादांना मुंबईला न्यायचं. गिऱ्हाईक मिळालं. इसारपावती लिहून आली. जमीन दादांच्या नावावर, सही होईना, म्हणून अंगठा घ्यायचा. शाईचा पॅड माझ्याच हातात होता. दादांचा अंगठा मी धरला. लोळागोळा हात, विरोध करायची ताकदच नाही. कागदावर टेकवणार तेवढ्यात माय चुलीपुढून उठून आली.

"आधी त्यांना विचार. मेले नाहीत अजून."

मग तिनंच विचारलं. "अहो, हो असलं तर एकदा डोळे मिटा. नाही असलं तर दोनदा. रान विकायचं?"

दादांनी डोळे मिटले. उघडले. परत मिटले.

घरात कुणी बोललं नाही. गिऱ्हाईक चहा न घेताच उठलं. मी रागानं बाहेर गेलो. त्या वेळी मला वाटलं, हा म्हातारा हट्टानं मरणार. रान विकून ते वाचले नसते, हे आज कळतं. रिलुझोल नावाची गोळी १९९५ ला अमेरिकेत मंजूर झाली होती, पण तीही आजार थोडा लांबवते, बरा करत नाही. दादांना हे कोण सांगणार? त्यांनी आपलं आपणच ओळखलं असावं.

त्या दिवसापासून घर बदललं. बियाणं कोणतं, मका किती, गोऱ्हा विकायचा का, सगळं बाजेजवळ जाऊन विचारायचं. डोळे एकदा, डोळे दोनदा. भाकरी गिळेना तेव्हा दुधातला काला, मग पेज, मग चमच्यानं पाणी, तेही मान जरा पुढं करून. रात्री लाईट गेली की माय कंदील त्यांच्या तोंडाजवळ धरून बसायची, डोळे दिसावेत म्हणून.

१९९७ च्या वैशाखात दादा गेले. श्वास उथळ होत गेला आणि पहाटे थांबला.

पुढं जानेवारी २००१ मध्ये याच आजाराचे स्टीफन हॉकिंग मुंबईला आले. पेपरात खुर्चीतला फोटो होता. मायला दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यांना कोण विचारतं?" मी सांगितलं, यंत्रावर शब्द निवडतात आणि यंत्र बोलतं. ती म्हणाली, "बरं आहे." आता मोबाईलवर डोळ्यांनी लिहिता येतं, रात्री श्वासाला मदत करणारं यंत्र मिळतं, पोटात नळी घालून अन्न देता येतं. पण खेड्यात यंत्रापेक्षा लाईटचा भरवसा कमी. आणि यंत्र आलं तरी विचारणारं माणूस घरातलंच लागतं. कुणाच्या घरी असा माणूस असेल तर माझं एवढंच सांगणं, मालिशवाल्याच्या आधी मेंदूच्या डॉक्टरकडं न्या, आणि त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलू नका. त्याच्याशी बोला.

दादा गेल्यावर महिन्याभरात मृग लागला. वाघूरच्या अंगाच्या रानात तिफण जुपली. चुलता बैलांमागं, चाड्यावर मूठ माझी. आठ दिवसांनी उगवण पाहिली, तर ठिकठिकाणी नांग्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मायनं ओट्यात बियाणं घेतलं, ओळीत खाली बसली आणि म्हणाली, "तुह्या बापाच्याही पहिल्या साली पडल्या व्हत्या. तू पाणी आण."