नोकर आणि नोकराला

इंग्रजी शिकताना पहिली ठेच लागते ती 'ए' आणि 'द' या उपपदांची. मराठीत उपपद नाही. तेव्हा ठरलेली वस्तू व कोणतीही वस्तू हा भेद आपल्या भाषेला नीट करता येत नाही, असे काही शिकलेली मंडळी म्हणतात. आमचे शिक्षण बेताचेच. पण युनियनच्या कामात नोटिसा आणि करारनामे वाचून आम्हांस हे मत पटेनासे झाले आहे.

'शेठजी नोकर शोधताहेत' म्हटले की जागा रिकामी आहे असे कळते. 'शेठजी नोकराला शोधताहेत' म्हटले की नोकर ठरलेला, आणि बहुधा त्याची धडगत नाही. 'मुलगी पाहायला गेलो' यात सोयरिकीची बोलणी आहेत. 'मुलीला पाहायला गेलो' यात ती आजारी असेल. एका 'ला'ने एवढा फरक पडतो. आपल्या अहिराणीत त्या जागी 'ले' येतो: माले, तुले. निर्जीव वस्तूंना मात्र हा नियम फारसा लागत नाही. भाकरी कोणतीही असो, आपण 'भाकरी खाल्ली' असेच म्हणतो.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच ते वारले. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. १२९० च्या ज्ञानेश्वरीत आजच्या 'ला'च्या जागी बहुधा 'सि' आणि 'तें' भेटतात. प्रत्यय असे बदलत आले. इंग्रजीचा 'द' तरी कोठला? जुन्या दर्शक सर्वनामाचाच तो वंशज. लॅटिन 'इले', म्हणजे 'तो', यापासून फ्रेंचांचे उपपद निघाले. आपला 'तो' दर्शकच राहिला.

हा भेद पोटाशी येऊन भिडतो. समजा, कारखान्याने दहा कामगार काढले आणि संप मिटताना लिहून दिले, 'दहा कामगार कामावर घेण्यात येतील.' नाक्यावरचे कोणतेही दहा घेतले तरी शब्द पाळला गेला! 'काढलेल्या दहाही कामगारांना कामावर घेण्यात येईल' असे लिहिले की पळवाट बुजते. 'काढलेल्या'ने ओळख पटते, 'ही'ने मोजणी पुरी होते आणि 'ना'ने माणसे पक्की होतात.

इंग्रजी मसुद्यातला 'द' भाषांतरात गळाला, तर त्याबरोबर एखादा संसारही गळू शकतो. 'द'ला मराठी प्रतिशब्द शोधत बसण्याची गरज नाही. वाक्य नीट बांधावे. आणि सही करण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच विचारावे: कोणते दहा?