पागेचा पावसाळा

माझे लहानपण महाडच्या बाजारपेठेत गेले. आमच्या घरासमोर एक केशकर्तनालय होते. तिथे मुंबईचा पेपर यायचा आणि त्यातले रेसचे पान सगळ्यांत आधी चुरगळायचे. मुंबईत नोकऱ्या करून गावी परतलेली दोन-तीन म्हातारी मंडळी त्या पानावर वाकून बसलेली असत. महालक्ष्मीच्या मैदानात ती आयुष्यात किती वेळा गेली असतील कोण जाणे, पण कुठल्या तबेल्याचा कुठला घोडा या मोसमात कितव्यांदा पहिला आला, ट्रेनर कोण, जॉकी कोण, हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांच्याच बोलण्यातून मला कळले की पाऊस जवळ आला की रेसचे घोडे मुंबईहून पुण्याला हलवतात. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबई, जुलै ते ऑक्टोबर पुणे. आजही मोसमाचा साचा साधारण तोच आहे. त्यांतले एक आजोबा म्हणायचे, "घोड्याला कोकणातला पाऊस सोसत नाही रे. आपल्याला तरी कुठं सोसतो? पण आपल्याला पुण्याला कोण नेतोय!"

श्रोतेहो, पुढे शिवकाल वाचू लागलो तेव्हा हे आजोबा मला फार आठवले. कारण स्वराज्याच्या घोडदळाचाही असाच एक मोसम होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करून लष्कर बाहेर पडायचे, आठ महिने परमुलखात मुलूखगिरी करायचे आणि पावसाळ्याचे चार महिने छावणीला परतायचे. सभासदाच्या बखरीत ही व्यवस्था नीट सांगितली आहे. लष्कर बाहेर पडताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची यादी व्हायची, परतल्यावर पुन्हा झाडा घेतला जायचा आणि जास्तीचे निघेल ते सरकारात जमा व्हायचे. छावणीत दाणा-वैरण आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेले निवारे आधीच तयार ठेवायचे. आठ महिन्यांच्या लढायांवर आपल्याकडे पोवाडे आहेत, कादंबऱ्या आहेत, सिनेमे आहेत. या चार महिन्यांवर कोणी फारसे लिहीत नाही. आणि माझे तर मत असे, की पुढच्या दसऱ्याला घोडदळ किती जोमाने धावणार, ते या चार महिन्यांतच ठरत होते.

आधी पागा म्हणजे काय ते सांगतो. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. बारगिरांचे घोडे सरकारचे, आणि हे सरकारी घोडदळ म्हणजे पागा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी, अशी चढती भाजणी. दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखाली आणि एक नालबंद. महाराजांच्या अखेरीस पागेची संख्या सभासद पंचेचाळीस हजार सांगतो आणि शिलेदारांची साठ हजार. बखरकाराचा हात सैल असतो, हे धरले तरी तोंडे काही थोडी नव्हती.

आता हे घोडे आणि आमचा मुलूख यांचे गणित पाहा. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पोलादपुरापासून वर महाबळेश्वराकडे चढू लागलात की तो वाढतच जातो. जमीन चार महिने चिखल. ओल्या जागी उभ्या राहिलेल्या घोड्याचे खूर सडतात, आणि खूर गेला की घोडा गेला. हिरवे गवत उदंड, पण त्यात पाणीच फार. नुसत्या त्याच्यावर घोडा फुगेल, तवाना होणार नाही. घोड्याला कोरडी वैरण हवी आणि दाणा हवा. कोकणात पिकते भात, नाचणी, वरी. हरभरा घाटावरचा. कुळीथ आपल्याकडे होतो खरा. ज्याची पिठी आपण भातावर घेतो तोच घोड्यांचाही दाणा. पण तो भात कापल्यावर उरल्या ओलीवर घेतलेला, घरापुरता. तेव्हा घोड्यांचा दाणा पावसाच्या आत, बैलांच्या पाठीवरून घाट उतरवून आणला पाहिजे. मिरग लागला की घाट संपला. आज डांबरी रस्ते असूनही वरंधा घाट दर पावसाळ्यात अवजड वाहनांना बंद करावा लागतो, आणि २०२१ च्या जुलैत आंबेनळी घाट कसा खचला ते पोलादपूरकरांनी पाहिलेच आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी काय असेल, त्याची कल्पना करा.

हा मुलूख घोड्यांचा नाहीच. १६५९ साली अफझलखान आपले घोडदळ घेऊन रडतोंडीच्या घाटाने पारच्या खोऱ्यात उतरला, तिथेच त्याची निम्मी लढाई हरली गेली होती. जावळीच्या रानात घोडा धावणार कुठे? त्या दिवशी खानाच्या गोटातून चार हजार घोडी हाती लागली असे बखर सांगते. (जुन्या मराठीत 'घोडी' म्हणजे नर-मादी सगळीच जनावरे.) पोलादपुराच्या डोक्यावर मिळालेली ही घोडी घाटावर नेऊनच उपयोगाची होती.

आणि तरीही एका वर्षी पागेला पावसाळा कोकणात काढावा लागला. ते वर्ष राज्याभिषेकाचे.

१६७३-७४ चा मोसम मराठी घोडदळाला फार ओढीचा गेला. त्याआधी १६७३ च्या मार्चमध्ये पन्हाळा घेतला होता. एप्रिलमध्ये उमराणीला सरनौबत प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाला पाण्यावाचून कोंडले आणि मग जाऊ दिले. हे जाऊ देणे महाराजांना रुचले नाही. बहलोल पुन्हा उलटून आला आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडले, ते परत आले नाहीत. ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या पुढचे ठाऊक नसते. सरनौबत पडलेला, लष्कर आठ महिने पळून दमलेले. महाराज चिपळूणला आले. तिथे लष्कराची पाहणी झाली, वाटण्या झाल्या आणि हंसाजी मोहिते यांना हंबीरराव हा किताब देऊन सरनौबती सांगितली गेली. एवढे मोठे कटक चिपळूणला काही दिवस राहिले. म्हणजे काय झाले? दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी जो दाणा, जी वैरण साठवली होती, तीच उन्हाळ्यात उडाली. आणि आता घाटावर जायला वेळ उरला नव्हता.

या प्रसंगी पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. पागेचा मुक्काम मौजे हलवर्ण, म्हणजे चिपळूणजवळचे आजचे दळवटणे असे मानतात. पत्राची तारीख काही ठिकाणी मे १६७३ छापलेली आढळते. पण पत्रातला शुहूर सन अर्बा सबैन आहे, तो मे १६७४ शी जुळतो आणि चिपळूणच्या मुक्कामाशीही जुळतो. माझा कौल १६७४ ला. म्हणजे राज्याभिषेकाला महिनाही उरला नव्हता. गागाभट्ट, सिंहासन, सप्तनद्यांची पाणी, हे सगळे चालू असताना या माणसाच्या डोक्यात गवत होते!

पत्राचा आशय माझ्या शब्दांत सांगतो. साठा खर्च झाला आहे; तरीही कारकुनांकडून आणि गडागडांवरून जो गल्ला निघाला तो देववून जेमतेम बेगमी केली आहे. ती पावसाळाभर पुरवायची आहे. तुम्ही आज आहे म्हणून मनाला येईल तसे चाराल, तर ऐन पावसात मिळणार काही नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत तेही गाव सोडतील आणि म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे होते. पगार खजिन्यातून मिळाला आहे. लागेल ते बाजारात जाऊन विकत घ्या. कारकून मोजून देतील तेवढाच दाणा रोजच्या रोज घ्या, म्हणजे उपास पडणार नाही आणि हळूहळू घोडी अंग धरतील.

हे पत्र आपल्याकडे बहुधा रयतेच्या काळजीचे म्हणून वाचले जाते. ते आहेच तसे. पण मला त्यात एक पक्का पागेदार दिसतो. थोडा हिशेब करू. दख्खनी तट्टू साडेतीनशे किलोचे धरले, तर वजनाच्या दोन टक्के म्हणजे रोज सात किलो कोरडी वैरण. हवालदाराच्या पंचवीस घोड्यांना चार महिन्यांत एकवीस टन. एका जुमल्याच्या सव्वाशे घोड्यांना एकशेपाच टन. दाणा वेगळाच! एवढे गवत चिपळूणच्या आसपास कापलेले, वाळवलेले, रचलेले हवे. त्यातले आधीच संपले असेल, तर उरलेल्याची मोजदाद काडीकाडीने करावी लागते. रोज थोडे, पण रोज, हे कुठल्याही चांगल्या तबेल्याचे पहिले सूत्र आहे. दमलेल्या, हाडे निघालेल्या घोड्याला एकदम भरपूर दाणा घातला तर पोटशुळाने तो तिथेच आडवा होतो. 'हळूहळू अंग धरतील' यातले हळूहळू महत्त्वाचे.

मग पत्र आगीकडे वळते आणि इथे मला माझी आजी दिसते. आमच्या गावच्या घरी परड्यात पेंढ्याची उडवी असायची. कोणी बिडी ओढत परड्याकडे वळला की आजी ओरडायची. महाराजही तेच सांगतात. उन्हाळा आहे, गवताचे निवारे आहेत. कोणी शेकोटी करील, कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. वारा सुटलेला असेल. एका खोपटाला आग लागली की सगळी जातील, गवताची एक गंजी पेटली की सगळ्या पेटतील. त्यानंतर कुणब्यांच्या माना मारल्या तरी निवाऱ्याला एक लाकूड मिळायचे नाही. म्हणून हवालदारांनी स्वतः फिरून पाहायचे. रात्री दिवा जळता ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल. उंदीर! राज्यकर्त्याने लिहिलेल्या पत्रात उंदरापर्यंत जाणारी नजर मी दुसरीकडे पाहिलेली नाही. अंधाऱ्या गोठ्यात रात्र काढलेल्या माणसालाच हे सुचते.

पत्र गेले. महाराज परशुरामाचे दर्शन घेऊन मेच्या मध्याला रायगडावर परतले, आणि लगेच प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेले. तिथे सव्वा मण सोन्याचे छत्र त्यांनी अर्पण केले. रायगड ते प्रतापगड ही वाट आमच्या महाड-पोलादपूरच्या खोऱ्यातली. आभाळ भरून येण्याचे ते दिवस. सहा जूनला राज्याभिषेक झाला. सतरा जूनला पाचाडला जिजाऊसाहेब गेल्या. तोवर मिरग लागला होता, आणि तिकडे हलवर्ण्याला कारकून दाणा मोजत बसले असतील.

या मोसमाचा निकाल? तो दसऱ्याची वाट न बघता लागला. जदुनाथ सरकारांनी इंग्रजी पत्रव्यवहाराच्या आधारे दिलेली हकीकत अशी, की राज्याभिषेकाला दीड महिनाही झाला नव्हता तोच, जुलैच्या मध्यावर, मराठी घोडदळ घाटावर भीमाकाठी पेडगावला उतरले. तिथे मोगल सरदार बहादूरखानाची छावणी होती. दोन हजार स्वारांच्या एका तुकडीने खानाला हूल देऊन पन्नास मैल लांब पळवत नेले. मागे सात हजारांची दुसरी फौज रिकाम्या छावणीवर पडली. भर पावसाळ्यात मराठे छावणी सोडणार नाहीत, असा खानाचा हिशेब असावा. एक कोटीची लूट मिळाली, तंबू जाळले आणि बादशहाला नजर करण्यासाठी जमवलेले दोनशे उमदे घोडे मराठ्यांनी आणले.

दसऱ्याला तेव्हा दोन महिन्यांहून अधिक अवकाश होता. गोठ्यात दोनशे नवी तोंडे आली होती, आणि वैरण मोजणाऱ्या कारकुनाला पुन्हा पहिल्यापासून हिशेब मांडावा लागला असणार.