बुतो
बुतो हा दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये उदयास आलेला आधुनिक नृत्यनाट्याचा प्रकार आहे. तात्सुमी हिजिकाता (१९२८–१९८६) व काझुओ ओनो (१९०६–२०१०) हे त्याचे प्रवर्तक मानले जातात. पाश्चात्त्य आधुनिक नृत्याचे शिक्षण आणि जपानी ग्रामीण देहाची ठेवण यांच्या संयोगातून तो घडला. देहाचे रूपांतर हे त्याचे मूलतत्त्व होय.

नाव
जपानी भाषेत ‘बु’ म्हणजे नृत्य आणि ‘तो’ म्हणजे पावलांनी भूमी तुडवणे. हिजिकाता यांनी आपल्या शैलीस ‘आंकोकु बुतो’, म्हणजे ‘गडद अंधाराचे नृत्य’, असे नाव दिले.

इतिहास
ओनो यांचे गुरू ताकाया एगुची यांनी जर्मनीत मेरी विगमन यांच्याकडे अभिव्यक्तिवादी नृत्याचे शिक्षण घेतले होते. हिजिकाता यांचे आरंभीचे शिक्षणही जर्मन परंपरेतीलच होते. मे १९५९ मध्ये तोक्यो येथे त्यांनी ‘किंजिकी’ हे नृत्य सादर केले. त्याचे शीर्षक युकिओ मिशिमा यांच्या कादंबरीवरून घेतले होते. समलिंगी आकर्षणाच्या विषयामुळे या प्रयोगाने मोठी खळबळ उडाली. बुतोचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो.

देहाची ठेवण
बॅले नृत्यात देह ताठ, हलका व ऊर्ध्वगामी असतो. हिजिकाता यांनी मात्र आपल्या जन्मप्रांतातील, अकितातील, थंडीत व भातखाचरांत राबणाऱ्या माणसांचा वाकलेला देह रंगमंचावर आणला. गोंदिया, भंडारा या धानपट्ट्यात रोवणीच्या वेळी दिसणारी, चिखलात पाय रोवून कंबरेत वाकलेली आकृती आठवल्यास या ठेवणीची कल्पना येते. पांढरा रंग फासलेले अंग, मुंडण केलेले मस्तक व अतिमंद हालचाली ही अनेक बुतो प्रयोगांची बाह्य लक्षणे होत.

रूपांतराची पद्धत
हिजिकाता हे शिष्यांना हालचालींऐवजी शब्दप्रतिमा देत. या प्रतिमांच्या टिपणांना ‘बुतो-फू’ म्हणतात. त्वचेवर किडे चालत आहेत, अशी प्रतिमा मिळाल्यास नर्तकाने किड्याची नक्कल करायची नसते. त्या स्पर्शाने स्वतःचा देह बदलू द्यायचा असतो.

१९२९ मध्ये पाहिलेल्या ‘ला अर्जेंटिना’ या स्पॅनिश नृत्याच्या नर्तकीस ओनो यांनी १९७७ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, नृत्यातून अभिवादन केले. त्याचे दिग्दर्शन हिजिकाता यांचे होते. झाडीपट्टीतील दंडारीत आणि बालगंधर्वांच्या रंगभूमीवरही पुरुषांनी स्त्रीरूप धारण केले. बालगंधर्वांच्या बाबतीत स्त्रीत्वाचा पूर्ण आभास हे यश मानले गेले. ओनो यांनी मात्र स्त्रीवेषात आपले वार्धक्य लपवले नाही. वृद्ध पुरुष व तरुण नर्तकी एकाच देहात दिसणे, हेच त्या प्रयोगाचे सार होते.

प्रसार
आकाजी मारो यांनी १९७२ मध्ये ‘दाइराकुदाकान’ आणि उशिओ आमागात्सु यांनी १९७५ मध्ये ‘सांकाई जुकु’ ही पथके स्थापन केली. पुढे बुतो युरोप व अमेरिकेत पोहोचले. भारतात मुंबईचे अस्ताद देबू (१९४७–२०२०) यांनी कथक व कथकली यांची पाश्चात्त्य आधुनिक नृत्याशी सांगड घातली. ती शैली बुतो नव्हे, परंतु परक्या शिक्षणातून स्वतःच्या देहाची भाषा शोधण्याचा प्रश्न दोहोंत समान आहे.